केवळ प्रेम व आपुलकीपोटी

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात, विधी विभागात, खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या टेबलाशी एक बाई बसत. आईवडिलांनी त्यांना चांगलं गोड नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना परंतुबाई म्हणत. अगदी तोंडावर. नियम लिहिणं हे बाईंचं काम, आणि त्यांनी लिहिलेल्या एकाही नियमाला 'परंतु' आल्याशिवाय पूर्णविराम लागत नसे. 'दलालाने ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, परंतु...' 'कंपनीने भागधारकास आगाऊ कळवावे, परंतु...' साहेब मंडळींना वाटे, बाईंना ही खोडच आहे. बाईंना वाटे, ज्याला परंतु सुचत नाही त्यानं खुशाल भाषणं करावीत, नियमांच्या वाटेला जाऊ नये.

ही सवय घरचीच. त्या मधल्या. वरती दादा, खाली धाकटा. वडील अकाली गेले तेव्हा दादानं शाळेला रामराम ठोकला आणि वडिलांच्या शिलाई मशीनवर बसला. धाकटा शाळेतून आला की काज-बटणं करायचा. या दोघांच्या शिलाईवर बाई कायदा शिकल्या. त्यांचा पहिला काळा कोट दादानं बेतला आणि धाकट्यानं त्याला बटणं लावली. तो घालून त्या निघाल्या तेव्हा दोघं दुकानाच्या दारात उभे राहून जणू आपणच न्यायाधीश झालो अशा थाटात बघत होते. दोघांची भांडणंही रोजचीच होती आणि तडजोड करायला मध्ये बाई. "दादा रागावलाय खरा, परंतु तुझं ताट झाकून ठेवलंय त्यानं." असं करत करत हा परंतु त्यांच्या जिभेवर बसला तो बसलाच.

एक भांडण मात्र त्यांना मिटवता आलं नाही. धाकट्यानं काज-बटणांना कंटाळून रेडीमेड कपड्यांचं दुकान काढलं. काढलं ते काढलं, दादाच्या दुकानासमोर काढलं. आणि वर पाटी लावली : 'शिंप्याची वाट कशाला बघता? आजच घ्या, आजच घाला!' पाटी रंगवणाऱ्यानं सुचवलेलं वाक्य होतं म्हणे. दादानं ते मशीनवर बसल्या बसल्या वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि त्या दिवसापासून धाकट्याशी बोलणं बंद. रस्त्याच्या अलीकडे टेलर, पलीकडे रेडीमेडवाला, दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, पण शब्द म्हणून नाही. वर्षं गेली. धाकट्यानं पाटी बदलली, तरी दादा जुनीच वाचत राहिला.

आता या घरगुती रुसव्याफुगव्यांचा आणि शेअर बाजाराचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध साहेबांनी जोडला.

साहेब एका परिषदेला परदेशी गेले आणि येताना ब्लॉकचेन घेऊन आले. लोक परदेशातून अत्तर आणतात, चॉकलेटं आणतात. आमच्या साहेबांची झेप मोठी. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवलं आणि समजावलं. आतापर्यंत कोणाचे किती शेअर याची नोंद एका ठिकाणी असायची. म्हणजे एका माणसानं लबाडी केली की संपलं. आता तीच नोंद एकाच वेळी शेकडो संगणकांवर राहणार, प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीला साखळीच्या कडीसारखी अडकणार, आणि एकदा अडकली की ती बदलणं कुणाच्या बापाला शक्य नाही. हे शेवटचं वाक्य साहेब जरा सभ्य शब्दांत म्हणाले, पण आशय हाच.

परंतुबाईंनी हात वर केला. सभागृहात आधीच खसखस पिकली.

"चूक झाली तर खोडायची कशी?"

संगणक कंपनीचा टाय लावलेला माणूस समजूतदारपणे हसला. "मॅडम, या यंत्रणेत चूक होतच नाही."

"पण ती वापरणार माणसंच ना?"

"अर्थात."

"मग होते," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या मात्र टायवाल्याला मिळाल्या.

चाचणी सुरू झाली. एका कागद कारखान्यानं आपल्या भागधारकांची सगळी यादी चाचणीसाठी दिली, तीही खरीखुरी. कारण यंत्रणा अशी चोखंदळ की खोटं नाव घातलं तर घ्यायचीच नाही. खरा माणूस, खरं ओळखपत्र, खरं खातं असेल तरच पुढची खिडकी उघडणार. मग चाचणीला माणसं आणायची कुठून? साहेबांनी फर्मान काढलं, आपापल्या घरची आणा. झालं! सगळं ऑफिस आपापल्या नातेवाइकांना घेऊन साखळीवर चढलं. लेखा विभागाच्या प्रमुखांनी सासूबाईंचे शेअर गहाण टाकून पाहिले आणि दिवसभर खुशीत होते. शिपायानं 'कोर्टाची जप्ती' या प्रकारासाठी आपल्या घरमालकाचं नाव निवडलं. एकूण हसतखेळत काम चाललं होतं, आणि सरकारी ऑफिसात हसतखेळत काम चाललं की समजावं, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

बाईंच्या वाट्याला आला 'भेट' हा प्रकार. एकानं दुसऱ्याला शेअर भेट द्यायचे. त्यांच्याकडे दोन्ही भावांची कागदपत्रं होती, मुखत्यारपत्रंही होती, कारण संगणक दिसला की दोघंही हात झटकून "तूच बघ" म्हणत. तेवढ्या एका बाबतीत भावाभावांत एकमत होतं. दादाकडे त्याच कागद कारखान्याचे शेअर होते. शिवलेले कपडे तो त्या कारखान्याच्या कागदात गुंडाळून द्यायचा, आणि कागद टिकाऊ आहे म्हणजे कंपनीही टिकाऊ असणार, या विश्वासावर त्यानं आयुष्यभर थोडे थोडे करून तेच घेतले होते. दुसरी शिल्लक त्याच्याकडे नव्हती.

देणारा : दादा. घेणारा : धाकटा. बाईंनी दोन्हीकडून स्वतःच बटणं दाबली. मध्ये कॅमेऱ्यासमोर बोलण्याची एक पायरी आली, ती 'वगळा' म्हणून पुढे गेल्या, चाचणीत तशी सोय होती. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'भेट पूर्ण झाली'. बाई त्या अक्षरांकडे जरा जास्तच वेळ बघत बसल्या. खोटं का होईना, त्या दोघांत काहीतरी देणंघेणं झालं होतं. मग डबा उघडून जेवल्या.

ठरलेलं असं होतं की चाचणी संपली की ती साखळी टाकून द्यायची आणि उद्घाटनाला कोरी करकरीत नवी सुरू करायची. पण उद्घाटनाला मंत्री यायचे होते, त्यांची तारीख मिळाली होती, आणि मंत्र्यांची तारीख म्हणजे काय चेष्टा आहे? नवी साखळी तोवर उभी राहत नव्हती. टायवाला म्हणाला, आहे तीच चालू करू, काय फरक पडतो? साहेब म्हणाले, काही नाही.

परिपत्रकाचा मसुदा बाईंचा होता. 'साखळीतील पहिल्या नोंदीपासून सर्व नोंदी मालकीचा अंतिम व निर्णायक पुरावा मानल्या जातील; परंतु चाचणीच्या काळात केलेल्या नोंदी यातून वगळण्यात येतील.' साहेबांनी लाल पेन काढलं आणि अर्धविरामाच्या पुढचं सगळं उडवलं.

"साहेब, ते राहू द्या."

"अहो बाई, मंत्री वाचून दाखवणार आहेत हे. अंतिम आणि निर्णायक म्हटल्यावर टाळ्या पडायला हव्यात. तिथं तुमचा परंतु आला की लोक जांभया देतात."

बाईंनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायच्या आधी जेवणाची सुटी झाली. मंत्र्यांनी वाक्य वाचलं. टाळ्या कडाडून पडल्या. बाईंनीही वाजवल्या, न वाजवून सांगतात कुणाला?

पुढे काही आठवडे साखळीचं कौतुक चाललं. आणि एका दुपारी दादाचा फोन आला.

दादाच्या दुकानाचा गाळा भाड्याचा. मालकानं तो विकायला काढला होता. जुना भाडेकरू म्हणून पहिला हक्क दादाला, पण महिनाअखेरपर्यंतच. त्यानंतर एक मोबाइलवाला नोटा मोजायला तयार बसला होता. दादानं ठरवलं, कागद कारखान्याचे शेअर विकायचे आणि गाळा घ्यायचा. ज्या जागेत वडील बसले, तो बसला, ती सोडायची नाही. तो दलालाकडे गेला. दलालानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, काका, तुमच्या नावावर काहीच नाही. तुम्ही सगळे भेट दिलेत. कुणाला, तेही त्यानं वाचून दाखवलं.

"चोर निघाला गं," दादा फोनवर म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की बाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. "गिऱ्हाइकं नेली, मी काही बोललो नाही. आता हे. मी पोलिसांत चाललोय."

"दादा, थांब. कुठेही जाऊ नकोस."

"का थांबू? लहानपणापासून मी त्याला..."

"दादा, ते मी केलंय."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. दुकानातला कारागीर शिवत असावा. मग दादानं फोन ठेवून दिला.

बाईंनी साहेबांपुढे सगळं मांडलं. साहेबांनी हे शांतपणे ऐकलं, कारण साहेबांचे शेअर जागच्या जागी होते. समिती बसली. समितीपुढे कायद्याचे तीन जाणकार बोलावले गेले आणि तिघांनी मिळून अशी काही वाट दाखवली की आंधळ्यानंही हात जोडावेत.

पहिले म्हणाले, कंपनी कायद्यानुसार कंपनीकडची भागधारकांची नोंदवही श्रेष्ठ. त्या वहीत दादांचं नाव आहे ना? मग प्रश्नच मिटला. कंपनीला विचारलं. कंपनी म्हणाली, तुमच्या परिपत्रकानंतर आम्ही वेगळी वही ठेवणं बंद केलं, आता साखळी हीच वही. दुसरे म्हणाले, कायद्यात 'वही' म्हटलंय, साखळी नव्हे. साखळीला वही मानता येत नाही, सबब त्या कारखान्याचा सध्या कुणीच मालक नाही. हे ऐकून कारखान्याचा माणूस खुर्चीतून उठला, त्याला पाणी द्यावं लागलं. तिसरे वयानं मोठे होते. ते म्हणाले, एवढं काय त्यात? कोर्टात जा, कोर्ट नोंद फिरवण्याचा हुकूम देईल.

"कुणाला देईल?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाला म्हणाला, साखळी कुणाच्याच मालकीची नाही, कुणाच्याच ताब्यात नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य. म्हणजे हुकूम निघाला तरी तो बजावायचा कुणावर? बेलिफ जाऊन दार ठोठावणार कुणाचं? कायद्याला आजवर लबाड माणूस माहीत होता, पळपुटा माणूस माहीत होता. माणूसच नाही, असा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला होता. समितीनं या विषयावर सखोल अभ्यास करण्यासाठी उपसमिती नेमली आणि बिस्किटं आली.

लेखा विभागाचे प्रमुख कोपऱ्यात घाम पुसत होते. त्यांच्या सासूबाईंना अजून काही कळलं नव्हतं.

शेवटी टायवाल्यानंच एक वाट सांगितली. नोंद खोडता येत नाही, पण उलटी नोंद करता येते. ज्याला भेट मिळाली त्यानं ती परत भेट द्यायची. दोघांनी राजीखुशीनं समक्ष यायचं, कॅमेऱ्यासमोर. मुखत्यारपत्र चालणार नाही.

"एवढंच?" साहेब म्हणाले. "मग अडचण काय आहे बाई? भाऊच आहेत ना?"

बाई धाकट्याकडे निघाल्या. साहेबांना भाऊ नव्हता.

धाकट्याच्या दुकानात त्या गेल्या तेव्हा तो शिडीवर चढून शर्टांचे खोके रचत होता. "ये ताई," म्हणाला, "आज वाट चुकलीस?"

"दादाचे सगळे शेअर तुझ्या नावावर आलेत," बाई एका दमात म्हणाल्या. "भेट म्हणून."

धाकटा शिडीवर होता तिथंच थांबला. हातातला खोका त्यानं छातीशी धरला. नाही म्हटलं तरी आता त्याचेही केस पिकायला लागले होते, पण तेवढ्या क्षणापुरता चेहरा अगदी काज-बटणं करणाऱ्या पोराचा झाला. तो घाईघाईनं खाली उतरला.

"दादा बरा आहे ना? काय झालंय त्याला? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"बरा आहे. अरे, काही झालं नाही त्याला. माझ्याकडून चुकून झालंय. चाचणीत." आणि बाईंनी सगळं सांगितलं.

धाकट्यानं ऐकून घेतलं. मग हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "हां," तो म्हणाला. "चुकूनच. तरी म्हटलं." खोका उचलून तो पुन्हा शिडी चढला आणि वरूनच बोलला, "परत देतो म्हणावं. मला नकोत त्याचे. पण त्याला म्हणावं, तुला यावं लागेल माझ्या शेजारी येऊन बसायला. आणि ही अट माझी नाही, सरकारची आहे."

दादा यायला तयार होईना. त्याच्या हातून घ्यायचं? त्यापेक्षा गाळा गेलेला परवडला! वहिनींनी समजावलं, बाईंनी समजावलं, शेवटी गाळ्याच्या मालकानं मोबाइलवाल्याला जागा मोजायला आणलं आणि ते दादानं डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे तो शर्ट बदलून निघाला.

ऑफिसच्या तळमजल्यावर एक काचेची खोली होती. तीन खुर्च्या, एक पडदा, वर कॅमेरा. आत यंत्रातली बाई बोलायची, तिचं मराठी इतकं शुद्ध की कुणाच्याच घरी तसं बोलत नाहीत. दादा आणि धाकटा शेजारी शेजारी बसले, म्हणजे बसावंच लागलं, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. दोघं समोर बघत होते. मध्ये मागे परंतुबाई.

दादा समोर बघतच बाईंना म्हणाला, "याला सांग, कॉलर उसवलीय. टीप कच्ची आहे. असलाच माल विकतो."

"त्याला सांग," धाकटा म्हणाला, "कंपनी बदलून देते. हसतमुखानं."

"ऐकलंय त्यानं," बाई म्हणाल्या. "गप्प बसा दोघं. सुरू होतंय."

यंत्रातल्या बाईनं दोघांची नावं विचारली, नातं विचारलं. मग म्हणाली, मोबदला न घेता दिलेली भेट कायद्यानं ग्राह्य धरायची तर तिचं कारण नोंदवणं आवश्यक आहे. पडद्यावर कारणं यायला हवी होती. आलं एकच, कारण कायद्याला ते एकच ठाऊक आहे : 'केवळ प्रेम व आपुलकीपोटी'.

"'चुकीची दुरुस्ती' असं काही नाही का?" धाकट्यानं विचारलं.

बाईंनी मान हलवली. यंत्रणेत चूक होतच नव्हती, मग दुरुस्तीचा रकाना येणार कुठून?

"देणाऱ्याने पडद्यावरील वाक्य स्पष्ट आवाजात वाचावे," यंत्र म्हणालं.

धाकट्यानं वाक्य वाचलं. वाचलं म्हणजे काय, बाजारात भाव सांगावा तसं उडवून लावलं. "मी माझ्या थोरल्या भावाला कोणत्याही दबावाशिवाय केवळ प्रेम व आपुलकीपोटी ही भेट देत आहे."

"आवाज स्पष्ट नाही. कृपया पुन्हा वाचावे."

त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी निम्म्यापर्यंत नीट आला आणि 'केवळ'पाशी अडखळला.

"आवाज स्पष्ट नाही. कृपया पुन्हा वाचावे."

"याला सांग," दादा म्हणाला, "जमत नसेल तर राहू दे. जबरदस्ती नाही."

धाकटा ताडकन् उठला. पडद्याकडे त्यानं पाहिलंच नाही. काचेची खोली दणाणेल, बाहेर रांगेत उभे असलेले लोक वळून बघतील, एवढ्या मोठ्यानं तो ओरडला, "मी माझ्या थोरल्या भावाला! कोणत्याही दबावाशिवाय! केवळ प्रेम..." आणि वाक्य तिथंच तुटलं. तो तसाच उभा राहिला, त्या उसवलेल्या कॉलरचं टोक हातात धरून. मग अगदी हळू म्हणाला, "प्रेमापोटीच, दादा. ती पाटी मी लिहिली नव्हती रे. वाचलीसुद्धा नव्हती लावण्याआधी."

परंतुबाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत दोघांच्या मध्ये बसून त्यांनी हजार निरोप नेले होते, पण हे वाक्य कुणी त्यांच्या हाती दिलंच नव्हतं.

"आवाज स्पष्ट नाही," यंत्र म्हणालं. "कृपया पुन्हा वाचावे."

"बहिरी आहे का काय ही बया?" दादा यंत्रावर खेकसला. "मला ऐकू आलं की! मला ऐकू आलं!"

मग तो धाकट्याकडे वळला. सरळ त्याच्याकडे. "बस खाली," म्हणाला. "पुन्हा वाचायचं नाही."

"अरे, पण वाचल्याशिवाय शेअर परत..."

"नको परत. तुझ्या नावावर आहेत ना? तूच वीक, आणि गाळ्याच्या मालकाला पैसे तूच दे. माझ्या नावावर आणून, मग विकून, मग देऊन... या बयेपुढे किती वेळा ओरडणार आहेस?"

बाईंच्यातली वकील दचकून जागी झाली. "दादा, असं तोंडी नाही चालत. उद्या काही झालं तर कायद्यानं ते पैसे याचेच ठरतील. तुझ्याकडे लेखी काही नाही, साक्षीदार नाही..."

"तू आहेस की," दादा म्हणाला.

धाकटा खाली बसला होता. डोळे पुसून त्यानं जुन्या खोडकर नजरेनं दादाकडे पाहिलं. "आणि विकून मी पैसे नाही दिले तर? गाळा गेला तर काय करशील?"

"काय करणार?" दादा म्हणाला. "मशीन उचलीन आणि तुझ्या दुकानात येऊन बसेन."

यंत्रातली बाई वेळ संपत आल्याचं सांगत होती. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. धाकट्यानं कॉलर सोडली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग दाराशी बसावं लागेल तुला. आत उजेड नाही रे पुरेसा, आणि तुला आता सुईत दोरा दिसत नाही."